मेलेली कातडी जांभळी होत नाही

"मॅडम, ही मेलेली होती ना?"

गायधनी काकांनी काचेची बशी माझ्या नाकासमोर धरली. शुक्रवारची दुपार, तीन वाजत आलेले. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नाही, आणि हे बशी घेऊन उभे. बशीत शर्टाच्या बटणाएवढा कातडीचा तुकडा. पिकल्या जांभळासारखा जांभळा.

"कुठली मेलेली?"

"सरावाची. बुधवारी तुम्ही हात बसायला म्हणून क्रीम लावून बघितलं होतं, ती. मुदत संपलेली. मीच फ्रीजरमधून काढून दिली होती."

"बरं, मग?"

"आज तुमचा पिवळा रंग थोडा उरला होता. टाकायचा कशाला, म्हणून मी ह्यात घातला. तीन तासांत ही अशी झाली." काकांनी बशी आणखी पुढं केली. "मेलेली कातडी जांभळी होत नाही, मॅडम."

आता ज्यांना आमचं काम ठाऊक नाही, त्यांना सांगते. रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची लॅब. क्रीम, लोशन, काजळ बाजारात जायच्या आधी कातडीला झोंबतं का, हे आम्ही तपासायचो. पूर्वी हे सशांच्या पाठीवर चालायचं. कायदा आला, ससे गेले आणि माणसाच्या पेशींपासून वाढवलेली कातडी आली. दर मंगळवारी थंड खोक्यातून यायची, इवल्याशा कपांत एकेक तुकडा. बुधवारी त्यावर क्रीम लावायचं, तासाभरानं पंचवीस वेळा धुवायचं, शुक्रवारपर्यंत उबेत ठेवायचं आणि मग पिवळा रंग घालायचा. कातडी जिवंत असली तर पिवळ्याचं जांभळं करते, मेली असली तर फिकी राहते. जांभळं किती झालं ते मशीन आकड्यात सांगतं. पन्नासच्या वर आकडा आला की क्रीम पास.

त्या दिवशी तपासणीला होतं एक उटण्याचं क्रीम. दिवाळीला बाजारात यायचं होतं. माझा आकडा आला होता एक्याऐंशी. आमचे मुख्य, डॉ. केळुसकर सर, मला आधीच म्हणाले होते, "चौगुले, हे वेळेत पार पाडा, दिवाळीनंतर विभाग तुमच्याकडे." अठ्ठावीस वर्षांची होते मी. विभागाच्या दारावर माझं नाव कसं दिसेल, ते मी मनातल्या मनात लिहूनही बघितलं होतं.

आणि हे बशी घेऊन आले.

"काका, बशी घाण असेल."

"मी धुतलेली आहे, मॅडम."

"मग रंग जुना असेल."

"तुमच्याच बाटलीतला आहे."

मी तोंडाची फटकळ, कोल्हापूरची. पण फटकळपणा वेगळा आणि त्या दिवशी मी जे बोलले ते वेगळं. मी विचारलं, "काका, तुम्ही कितवी शिकलात?"

"नववी."

"मग मला कातडी शिकवू नका. ससे गेले आता. टाका ती बशी ब्लीचमध्ये."

काका वळले. बशी घेऊन मोरीकडं गेले.

नामदेव गायधनी. बावीस वर्षं ससेघर सांभाळलेला माणूस. ससे गेल्यावर सरांनी त्यांना दयेनं ठेवून घेतलं होतं, भांडी धुवायला, कप मांडायला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गळ्यातल्या ओळखपत्रावर अजून 'प्राणीगृह मदतनीस' लिहिलेलं, आणि लॅबमध्ये प्राणी म्हणावा तर एक पाल. त्यांचा हात मात्र असा होता की पंचवीस वेळा धुताना माझ्याकडून तुकडा फाटायचा, त्यांच्याकडून कधी फाटला नाही. महिन्यापूर्वी एकदा चहा घेताना लाजत लाजत मला म्हणाले होते, "मॅडम, हे काम आता मी करतोच आहे. जाताना कार्डावर 'तंत्रज्ञ' असं लिहून मिळेल का? पोरगी बारावीला आहे. तिला सांगायला बरं." मी म्हटलं होतं, "का नाही? मी सरांशी बोलते." बोलले मात्र नव्हते.

सोमवारी सकाळी मी आले तर काका धुण्याच्या खोलीत माझी वाट बघत उभे. ऑक्टोबरचा उकाडा, आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. दार लोटून घेतलं आणि डावी बाही वर केली.

कोपराच्या आत, मऊ भागावर, दोन बोटं रुंद असा लालभडक चौकोन. कडेनं फोड आलेले, एक फुटून पाणी सुटलेलं.

"अगं बाई! हे काय?"

"तेच क्रीम. शनिवारी लावलं. वर पट्टी बांधून चार तास ठेवलं. सशांना ठेवायचो तसं."

"तुम्हाला वेडबिड लागलंय का, काका?"

"सशाला लावायच्या आधी मी दरवेळी स्वतःला लावून बघायचो, मॅडम. बावीस वर्षं. जास्त झोंबलं तर डॉक्टरांना सांगायचो. सशाला बोलता येत नाही, मला येतं."

"नमुना अंगाला लावला म्हणून उद्या काढून टाकतील तुम्हाला! नियम माहीत नाही?"

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडं आलो. साहेबांकडं नाही गेलो." त्यांनी बाही हळूच खाली घेतली. "हा माझा हात आहे, घासून घासून निबर झालेला. बायका हे तोंडाला लावणार. उद्यापासून डब्या भरणार म्हणतात. तुम्ही साहेबांना सांगाल ना?"

"सांगते."

"आजच?"

"सांगते म्हटलं ना! बाही खाली ठेवा आणि कुणाला दाखवू नका."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते त्या दिवशी मला कळलं. कारण ती बशी घाण नव्हती, हे मला शुक्रवारीच ठाऊक होतं.

काही क्रीममध्ये असे पाले, अशा मुळ्या असतात की कातडी नसतानाही ते पिवळ्याचं जांभळं करतात. मग मेलेल्या तुकड्यावर नुसतं क्रीम राहिलं तरी मशीनला वाटतं, कातडी जिवंत आहे. म्हणून आधी एक साधी तपासणी करायची असते. नळीत पिवळा रंग घ्यायचा, चिमूटभर क्रीम टाकायचं, तीन तास थांबायचं. रंग बदलला तर मेलेल्या कातडीवर वेगळा प्रयोग करून तो खोटा रंग वजा करायचा. बुधवारी मला ते तीन तास जास्त वाटले. त्याच कंपनीचं आधीचं क्रीम मी तपासलं होतं, ते निर्धोक निघालं होतं. हेही तसंच असणार, म्हणून मी फॉर्मवर लिहून टाकलं, 'रंगतपासणी: बदल नाही.' नळी हातातसुद्धा घेतली नव्हती.

काका गेल्यावर मी नळी घेतली. पिवळा रंग, चिमूटभर क्रीम. तीन तासांची गरजच पडली नाही. पाऊण तासात नळी जांभळी झाली.

मी ती हातात धरून स्टुलावर बसले. सरांकडं जायचं, खरं ते सांगायचं, बोलणी खायची. विभाग गेला तर गेला. देवाशपथ सांगते, मी तसंच ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं, 'सर, माझी चूक झाली.' एवढ्यात फोन वाजला. सरांनी केबिनमध्ये बोलावलं होतं.

आत काका उभे होते. बाही वर. फुटलेल्या फोडाला शर्ट चिकटला, तो सोडवायला ते प्रथमोपचाराच्या खोलीत गेले होते आणि तिथल्या नर्सबाईंनी सरांना कळवलं होतं. काकांनी कुणाला दाखवलं नव्हतं, शर्टानंच दाखवलं.

केळुसकर सर आवाज चढवणारे नव्हते. चष्मा काढून टेबलावर ठेवला की आम्ही समजायचो. चष्मा टेबलावर होता.

"चौगुले, ह्यांनी नमुना हाताला लावला. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, सर."

विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. काका माझ्याकडं बघायला लागले. मी सरांकडं बघत राहिले.

"पण सर, मलाच जरा शंका आली होती," मी म्हणाले, "म्हणून मी आज सकाळी परत करून बघितलं." आणि मुठीतली नळी टेबलावर ठेवली.

सरांनी नळी उजेडात धरली. "म्हणजे एक्याऐंशी आकडा खोटा."

"क्रीमचाच रंग आहे, सर. कातडी मेलेली असणार."

"शाब्बास, चौगुले." ते खरंच शाब्बास म्हणाले. "वेळेवर पकडलंत. डब्या भरल्या असत्या तर आपलं तोंड काळं झालं असतं." मग त्यांनी फाइल ओढली, पानं उलटली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "पण इथं 'बदल नाही' लिहिलंय. बुधवारी ही तपासणी केली कुणी?"

फॉर्मवर दोन रकाने असायचे. एक 'केले', एक 'तपासले'. कामाच्या गडबडीत आम्ही 'केले' कोराच ठेवायचो आणि सोमवारी सगळ्या सह्या एकदम उरकायचो. सगळी लॅब तसंच करायची. 'तपासले'खाली माझी सही होती. 'केले'चा रकाना रिकामा होता.

खरं सांगायला जागा होती. काकांचा हात समोर होता, नळी समोर होती, सर समोर होते. आणि दारावरची ती नावाची पाटीही होती, माझ्या डोळ्यांपुढं.

"गायधनींना सांगितलं होतं, सर."

"ह्यांना?" सरांच्या कपाळाला आठी पडली. "धुण्याच्या माणसाला?"

"त्यांना शिकायचं होतं, सर. तंत्रज्ञ व्हायचं होतं. म्हणून मी म्हटलं, एवढी सोपी तपासणी करू द्यावी."

अजून ते वाक्य आठवलं की मला माझी किळस येते. त्यांनी लाजत लाजत माझ्याकडं मागितलेली गोष्ट मी उचलली आणि त्यांच्यावरच फेकली. आणि किती सराईत बोलले मी! जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

सर वळले. "खरं आहे का, गायधनी?"

काका माझ्याकडं बघत होते. रागावलेत म्हणावं तर राग नव्हता. शुक्रवारी त्या बशीकडं जसे बघत होते तसेच बघत होते, हे असं कसं झालं म्हणून.

"साहेब," ते म्हणाले, "क्रीम थांबणार ना?"

"मी काय विचारतोय?"

"ते सांगतो. पण क्रीम आज थांबणार ना?"

"फॉर्म पुरा झाल्याशिवाय कंपनीला पत्र पाठवता येत नाही. काम कुणी केलं ते लिहावं लागतं, सही लागते."

काकांनी रिकाम्या रकान्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "द्या मग पेन."

सरांचं पेन चालेना. मी माझं दिलं. होय, मीच दिलं. काकांनी दुखरा हात टेबलाला लागू न देता फॉर्म पुढं ओढला आणि 'केले'च्या रकान्यात सावकाश सही केली. ना. रा. गायधनी. सगळी अक्षरं चौकोनाच्या आत.

सर म्हणाले, "नमुना अंगाला लावणं आणि न केलेल्या कामाची नोंद. दोन्ही एकदम झाल्यावर माझ्या हातात काही उरत नाही, गायधनी. इतकी वर्षं काम केलंत, असं नव्हतं करायचं."

"बरोबर आहे, साहेब," काका म्हणाले.

पत्र तासाभरात गेलं. क्रीम थांबलं. मेलेल्या तुकड्यांवर प्रयोग करून पुन्हा तपासलं तेव्हा आकडा अकरावर आला. दिवाळीनंतर विभाग माझ्याकडं आला.

त्या सोमवारी दुपारभर मी कातडी ठेवायच्या उबेच्या खोलीत बसून होते. तिथं खिडकी नाही, कुणी उगाच येत नाही. काका कपाट आवरत होते त्याचा आवाज येत होता. पत्र्याचं दार उघडायचं, बंद व्हायचं, पुन्हा उघडायचं. मी मनात म्हणत होते, केवढा वेळ लावतायत, जा ना बाबा एकदाचे! साडेपाचला दार शेवटचं वाजलं. मग मी बाहेर आले.

पुढं नऊ वर्षं गेली. लॅबमध्ये कुणी नवं आलं की मी पहिल्या दिवशी त्याला रंगतपासणी करायला लावते, आणि 'केले'चा रकाना कोरा दिसला की फॉर्म तोंडावर फेकते. चौगुले मॅडम भारी कडक, म्हणतात. म्हणोत बापडे.

केळुसकर सर निवृत्त झाले आणि लॅबचे छापील कागद, शिक्का सगळं माझ्या ताब्यात आलं. तेव्हा मी एक प्रमाणपत्र टाइप केलं. 'श्री. नामदेव रामचंद्र गायधनी यांनी आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून उत्कृष्ट काम केले.' खाली माझी सही, माझा हुद्दा, गोल शिक्का. जुन्या फाइलीतून पत्ता काढला आणि एका रविवारी गाडी घेऊन सिन्नरला गेले.

काका ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. केस पांढरे झालेले. मला बघून उठायला लागले.

"या, या, मॅडम. अहो, ऐकलं का, आमच्या लॅबच्या मॅडम आल्यात. चहा टाका."

आतून काकू डोकावल्या, हसल्या आणि परत आत गेल्या. नऊ वर्षांनंतर हा माणूस 'आमच्या लॅबच्या' म्हणाला. मला मान वर करवेना. काकांच्या शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडलेली होती. आतल्या बाजूला दोन बोटं रुंद पांढरा डाग होता.

"काका, तुमच्यासाठी एक आणलंय," म्हणून मी कागद पुढं केला.

त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. 'तंत्रज्ञ'वर थांबले.

"मी तंत्रज्ञ कधी होतो, मॅडम?"

"कामानं होता तुम्ही, काका. तुमच्यासारखा हात..."

"कामानं असेन. कागदावर मी मदतनीसच होतो." रागाचा लवलेश नव्हता आवाजात. "तुम्ही पुन्हा न करताच लिहिलंत."

मी म्हटलं, "काका, त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही बोलला का नाहीत?"

"क्रीम थांबायचं होतं ना. आणि मला वाटलं, पोरगी घाबरलीय. साहेबांसमोर तोंडातून निघून गेलं. संध्याकाळपर्यंत जाऊन सांगेल." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "म्हणून मी साडेपाचपर्यंत कपाट आवरत बसलो. आवरायला काय होतं त्यात? एक फणी आणि एक डबा."

उबेच्या त्या खोलीत ऐकलेलं पत्र्याचं दार माझ्या कानात पुन्हा वाजायला लागलं.

"आयुष्यात मी एकच खोटी सही केली, मॅडम. तुमच्या पेनानं," काका म्हणाले. "आता हे दुसरं खोटं घरात नको." त्यांनी कागद उलटा केला आणि शेंगांच्या सुपाशेजारी ओट्यावर ठेवला. "पण ही मागची बाजू कोरी आहे. हिच्यावर लिहून द्या. त्या बुधवारी काय झालं, तेवढंच. चार ओळी. माझी पोरगी आता मास्तरीण झालीय. तिला अजून वाटतं, बाप हलगर्जीपणानं नोकरी घालवून आला. मी तोंडानं सांगितलं तर म्हणते, जाऊ द्या हो अण्णा, होतात चुका. तिला दाखवायला पाहिजे."

मी पेन काढलं. कागद मांडीवर घेतला. तारीख लिहिली. खाली लिहिलं, 'मी'.

कागद पातळ होता. पुढच्या बाजूचा शिक्का उलटा होऊन दिसत होता, त्याच्याखाली माझा हुद्दाही. हा कागद कुणाच्या हाती पडेल, कुणी लॅबमध्ये आणून दाखवेल, जुनी फाइल निघेल, नवीन पोरं काय म्हणतील, हे सगळं एका दमात डोक्यातून गेलं. काका शेंगा सोलायचे थांबले होते. माझ्या हाताकडं बघत होते. आत कपबशा वाजत होत्या.

मी पेनाला टोपण लावलं.

"काका, मला उशीर होतोय," मी म्हटलं. "नीट सविस्तर लिहिते आणि पोस्टानं पाठवते."

"बरं," काका म्हणाले, आणि सूप पुढ्यात ओढून पुन्हा शेंगा सोलायला लागले.

काकू चहा घेऊन दारात येईपर्यंत मी कागदाची घडी पर्समध्ये घालून गाडीत बसलेसुद्धा होते. घड्याळात चार वाजले होते. मला कुठंही जायचं नव्हतं.